जुन्या युफोनियमला कुठलाच माउथपीस नीट बसत नाही, काय करू?

गुरुवारपेठकर

नमस्कार. मी सहा वर्षं ट्रॉम्बोन वाजवते, यामाहाचा ३५४ हा नमुना. आमच्या मंडळीत नाताळच्या गीतांना चार-पाच पितळी वाद्यं असतात, त्यातलं एक माझं. पण आजचा प्रश्न ट्रॉम्बोनचा नाही.

माझे सासरे, आप्पा, फेब्रुवारीत गेले. त्यांचं युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, माळ्यावर काळ्या पेटीत होतं. बेलवर, म्हणजे रुंद तोंडावर, ‘बूझी अँड हॉक्स, लंडन’ आणि खाली ‘इम्पीरियल’ असं कोरलेलं आहे. पिस्टन, म्हणजे सूर बदलायला दाबायच्या कळा, चार: तीन वर आणि चौथा डाव्या हाताला बाजूला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आप्पा रविवारी उपासनेला निघण्याआधी मागच्या खोलीत दार लावून दहा मिनिटं नुसते लांब सूर धरायचे. खालच्या सुरांना स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरायची. पुढे दात काढले आणि वाजवणं थांबलं. या नाताळला त्यांचं वाद्य मंडळीत वाजावं, एवढीच इच्छा आहे. सासूबाई रोज विचारतात, “झालं का गं सुरू?”

पिस्टन जाम होते, ते आठवडाभर तेल घालून मोकळे केले. पेटीत सगळं मिळालं, आप्पांची रुमालाची घडीसुद्धा, पण माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा सुटा भाग, नाही. कुणाला दिला की हरवला, घरात कुणालाच माहीत नाही.

आधी माझ्या ट्रॉम्बोनचा माउथपीस लावून पाहिला. तो खूप आत जातो आणि तरी हलतो. पट्टीने मोजलं, ३२ मिलिमीटर आत गेला. सूर लागतो, पण वर जावं तसा चढत जातो. मग एका दुकानात विचारलं. “ट्रॉम्बोन आणि युफोनियमचा माउथपीस एकच असतो, फक्त मोठा घ्या,” असं सांगून त्यांनी एक जाड दांड्याचा दिला. तो घरी आणला तर जेमतेम १६ मिलिमीटर आत जातो आणि बाकी सगळा बाहेर. याने खालची काळी पाच (हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर) बरी लागते, पण वरच्या सप्तकातली काळी पाच उतरलेली येते. हार्मोनियम शेजारी ठेवून तपासलंय. ओठ आवळून वर ओढावी लागते, दहा मिनिटांत ओठ थकतात. दुकानदार परत घेत नाही, कारण तोंडाला लागलेली वस्तू.

वाद्यच बिघडलंय की माझ्याकडे अजून योग्य माउथपीस आलेला नाही? आणि योग्य म्हणजे नेमका कुठला? पुन्हा पैसे घालायच्या आधी जाणकारांना विचारावं म्हटलं. नाताळला आठ आठवडे आहेत.

स्लाइडवाला_कोथरूड

ताई, मी कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. माझ्या मते आकाराचा प्रश्न आहे. सुरुवातीला सगळ्यांना १२सी मापाचा माउथपीस मिळतो, तो लहान पडतो. बाख कंपनीचा साडेसहा एएल घ्या किंवा सरळ ५जी. बाखमध्ये आकडा लहान तितका माउथपीस मोठा, यामाहामध्ये उलट, हे लक्षात ठेवा, मी त्यात एकदा फसलोय. मी १२सी सोडून साडेसहा एएलवर आलो आणि आवाज एकदम भरीव झाला. हलत असेल तर दांड्याला प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळा, घट्ट बसतो.

खडकीचा_बँडमन

ताई, आधी आप्पांना नमस्कार. ज्यांनी रोज नुसते लांब सूर धरले त्यांचं वाद्य सहसा बिघडत नाही, त्यामुळे ती काळजी सोडा.

मी लष्कराच्या बँडात एकोणीस वर्षं युफोनियम वाजवलं. पचमढीला शिकलो, आता खडकीत असतो आणि लग्नसराईत अजून वाजवतो. तुम्ही १६ आणि ३२ हे दोन आकडे मोजून लिहिलेत, ते वाचताक्षणी खुर्चीत सरळ बसलो. लोक “बसत नाही” एवढंच लिहितात. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

कोथरूडच्या दादांनी सांगितलेलं ट्रॉम्बोनसाठी चांगलंच आहे, पण ते रिमबद्दल बोलतायत, म्हणजे ओठ टेकतात त्या कडेबद्दल. तुमचा घोळ दुसऱ्या टोकाला आहे, शँकमध्ये, म्हणजे वाद्यात जाणाऱ्या दांड्यात. या वाद्यांना शँक तीन जातीच्या असतात. लहान, ती तुमच्या ३५४ला लागते. मोठी, ती ऑर्केस्ट्रातल्या रुंद बोअरच्या, म्हणजे आतून रुंद नळीच्या, ट्रॉम्बोनला आणि हल्लीच्या बहुतेक चांगल्या युफोनियमला. आणि मधली. हिला कोणी युरोपियन शँक म्हणतं, कोणी मीडियम. जुन्या इंग्लिश युफोनियमना हीच मधली लागायची, बूझी अँड हॉक्सच्या इम्पीरियललाही. आता ती फारशी चालत नाही, म्हणून दुकानदाराला ठाऊक नसते आणि तो दोन्हींपैकी जे कपाटात असेल ते देतो. लहान शँक तुमच्या नळीत खोल घुसते, मोठी दारातच अडकते. अगदी हेच तुमच्याकडे झालंय.

आता सूर का बिघडतो ते सांगतो, कारण हे कळलं की दुकानात कोणी फसवणार नाही. युफोनियमची मोकळी नळी साधारण पावणेतीन मीटर लांब, तुमच्या ट्रॉम्बोनइतकीच. म्हणूनच दोन्हींची मूळ पट्टी काळी पाच. माउथपीस एक सेंटीमीटर बाहेर राहिला तर पावणेतीन मीटरमध्ये त्याचं काय एवढं, असं वाटतं. खालच्या सुरांना खरंच फार फरक पडत नाही. पण माउथपीसचा कप, म्हणजे रिमच्या आतली वाटी, आणि त्याच्या पुढची अरुंद नळी यांचा परिणाम वरच्या सुरांवर जास्त होतो. माउथपीस बाहेर राहिला की वरचे सूर खालच्यांपेक्षा जास्त उतरतात, फार आत गेला की वरचे जास्त चढतात. खालची काळी पाच आणि वरची काळी पाच एकमेकींपासून फुटतात. हे सप्तक फुटणं माउथपीस न बसल्याची खूण आहे. सगळेच सूर सारखे चढलेले असते तर मी वेगळी शंका घेतली असती.

ती शंकाही सांगून ठेवतो. इंग्लंडातले ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजवायचे. आपल्या ‘ला’ (ए) सुराला ४४० हर्ट्झ धरतात, त्यांचा साडेचारशेच्या थोडा वर. म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा फरक, हार्मोनियमच्या लागून असलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीतल्या अंतराचा निम्मा. त्या काळचं वाद्य आजच्या हार्मोनियमशी जुळवायचं तर नळी सात-आठ सेंटीमीटरने लांबवावी लागते, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड, सूर जुळवायला आत-बाहेर सरकणारी दुहेरी नळी, जवळपास चार सेंटीमीटर बाहेर. प्रत्येक वाद्याची स्लाइड तेवढी पुरत नाही. तुमचं तसं आहे का ते माउथपीस नीट बसल्यावर कळेल. आधी नाही.

पैसे न घालता आज रात्री एक चाचणी करा. ट्रॉम्बोनच्या लहान शँकच्या माउथपीसला वहीच्या कागदाची बारीक पट्टी एक-दोन वेढे गुंडाळा, इतकीच की तो २५ मिलिमीटरच्या आसपास आत जाऊन थांबेल. कागद दांड्याच्या टोकापुढे लोंबू देऊ नका, हवेच्या वाटेत आला की आवाज कुजका येतो. मग फक्त पिस्टन न दाबता लागणारे सूर वाजवा, खालची काळी पाच, तिचा पंचम, मधली काळी पाच, वरची. सप्तकं जुळायला लागली तर समजा मधली शँक हवी. टेफ्लॉन टेप मात्र लावू नका. ती मऊ असते, दाबली जाते, हळूहळू सरकते आणि तिचा चुरा आत जातो. आपल्याला हवंय पितळाला पितळ घट्ट लागणं, त्यातच सूर पक्का राहतो. कागद चाचणीपुरता, नाताळपर्यंत ठेवू नका.

शँक ठरली की मग रिम आणि कप. कपाची खोली युफोनियमला ट्रॉम्बोनपेक्षा जास्त लागते. ट्रॉम्बोनची नळी बराच भाग सारख्या जाडीची असते, युफोनियमची सुरुवातीपासून रुंदावत जाते, आणि तिला गोल, जाडसर आवाज शोभतो. उथळ कपाने युफोनियम चिरकं होतं, ट्रॉम्बोनसारखं चमकतं पण त्याचं पोट जातं. मात्र रुंदीच्या मागे लागू नका. हे मी मनापासून सांगतोय, कारण मी हे भोगलंय. बँडात नवा असताना मोठे लोक रुंद माउथपीसवर खालचे सूर गडगडवायचे. मीही २६ मिलिमीटरच्या वरचा घेतला. खालचे सूर मिळाले, पण वरचे गेले, आणि एका लांब परेडच्या दिवशी तिसऱ्या तासाला माझे ओठ आत फाटले. पंधरा दिवस वाजवता आलं नाही. रुंद रिमला ओठाचा जास्त भाग थरथरतो, त्याला तयार स्नायू लागतात, ते वर्षांनी येतात.

तुम्ही ट्रॉम्बोनही वाजवता, म्हणून तुम्हाला एक सोय आहे. दोन्ही वाद्यांना एकाच रुंदीची रिम ठेवा. डेनिस विकच्या माउथपीसमध्ये हे सोपं जातं. हे गृहस्थ लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले ट्रॉम्बोनवादक होते, १९५७ ते १९८८, त्यामुळे वादकाच्या ओठाचा विचार त्यांच्या नमुन्यांत दिसतो. त्यांच्या ६बी या मापाला शेवटी एस असेल तर लहान शँक, एम असेल तर मधली, एल असेल तर मोठी. रिम साधारण २५.४ मिलिमीटर. आत्ताचा तुमचा माउथपीस त्याहून फार लांब नाही, त्यामुळे ओठांना परकं वाटणार नाही. तुम्हाला पाहिजे ६बीएम. बॉक्सवर आणि माउथपीसवर दोन्हीकडे ‘एम’ वाचून घ्या. ‘बीएल’ पाठवला तर पुन्हा तेच सोळा मिलिमीटर.

मेरठचे स्वस्त माउथपीस लग्नाच्या बँडात पुष्कळ चालतात, मीही वाजवलेत, नावं ठेवत नाही. पण त्यावर बहुधा माप छापलेलं नसतं. हातात घेऊन, वाद्यात घालून बघितल्याशिवाय ते विकत घेऊ नका. आणि रिमवरचा मुलामा उडून खालचं पितळ दिसत असेल तर ओठाला लावू नका, खाज सुटते, काहींना पुरळ येतं.

भोसरी_लेथ

मी वाजवत नाही, काका वाजवायचे. मी टर्नर आहे, एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. बँडमन साहेबांचं बरोबर आहे हे तुमच्या आकड्यांवरूनच दाखवतो.

या शँकचा टेपर साधारण वीसास एक धरा, म्हणजे २० मिमी लांबीला व्यास १ मिमीने बदलतो. तुमचे दोन माउथपीस एकाच नळीत १६ आणि ३२ मिमी गेले. अंतर १६. भागिले २०, म्हणजे दोन्ही शँकच्या जाडीत साधारण ०.८ मिमीचा फरक. बरोबर मधोमध असलेली शँक २४ मिमी आत जाईल. ते म्हणाले २५च्या आसपास. यापेक्षा चांगला पुरावा काय हवा.

एक करा. रिसीव्हरच्या, म्हणजे माउथपीस बसतो त्या नळीच्या तोंडाशी व्हर्नियरच्या वरच्या चिमट्याने आतला व्यास मोजा, मग व्हर्नियर नव्वद अंशात फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर नळी गोल आहे. मिलिमीटरच्या पाच-दहा शतांशाचा फरक आला तर कधीतरी वाद्य पडून ती चेपली आहे, आणि मग नवीन माउथपीससुद्धा हलेल. ते दुरुस्त होतं, पण वाद्य उघडणाऱ्याकडूनच, हातोडीने नाही.

आणि तुमचा जाड दांड्याचा माउथपीस घासून बारीक करून मागायला माझ्याकडे येऊ नका. घासता येईल, पण टोकाची भिंत पातळ होते, मुलामा जातो. काकांनी एकदा एका ठिकाणी असा घासून घेतला होता, टेपर चुकला, एका बाजूने हवा सुटायची. लहान शँकला मोठ्या रिसीव्हरसाठी बाही मिळते, तेवढी चालते. तुमच्या कामाची ती नाही.

गुरुवारपेठकर

काका, दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, कारण चाचणी करत होते.

माझ्या भाच्याकडे व्हर्नियर निघाला, इंजिनीअरिंगला आहे तो. रिसीव्हर गोल आहे, दोन्हीकडून आकडा तोच. कागदाची पट्टी पहिल्यांदा जाड झाली, माउथपीस २० वरच थांबला. वेढा कमी केला, मग २४. सासूबाई समोर बसून होत्या. खालची काळी पाच धरली, पंचम, मग मधली, आणि वरची. हार्मोनियमवर सासूबाईंनीच बोट ठेवलं होतं. जुळली! ओठ न आवळता जुळली. खालच्या सुराला मांडणीवरचा तांब्या वाजला आणि सासूबाई उठून आत गेल्या, थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या.

सगळे सूर मिळून थोडे चढे होते. बँडमन काकांची दुसरी शंका मनात होती, म्हणून ट्यूनिंग स्लाइड हळूहळू ओढत गेले. दीड सेंटीमीटरला बरोबर हार्मोनियमशी बसलं. म्हणजे चढ्या पट्टीचं नाही ना? मला तसंच वाटतंय, पण तुम्ही सांगा.

६बीएम मागवलाय, मुंबईहून येईल. दुकानाला फोनवर तीनदा ‘एम’ म्हणून सांगितलं. कोथरूडच्या दादा, तुमचा साडेसहा एएल मी ट्रॉम्बोनसाठी लिहून ठेवलाय.

स्लाइडवाला_कोथरूड

शँक तीन जातीच्या असतात हे मला माहीतच नव्हतं. माझ्या माउथपीसची शँक आत्ता पेन्सिलने खूण करून मोजली, २६. टेपचं मागे घेतो, ताई.

खडकीचा_बँडमन

ताई, दीड सेंटीमीटर म्हणजे निश्चिंत राहा. चढ्या पट्टीचं असतं तर स्लाइड चारच्या जवळ गेली असती. शिवाय कागदावर बसवलेला माउथपीस आणि खरी शँक यांत थोडा फरक पडेलच, नवा आला की पुन्हा हार्मोनियमशी लावून घ्या. मुख्य स्लाइड ओढलीत तशी पिस्टनच्या स्लाइडही जराजरा ओढाव्या लागतील, पहिल्याची थोडी जास्त, दुसऱ्याची अगदी नखभर. ते वाद्य कॉम्पेन्सेटिंग असेल, चौथा पिस्टन बाजूला आहे म्हणजे बहुतेक असणारच. तसं असेल तर चौथ्यासोबत दाबलेले खालचे सूर आपोआप सावरले जातात, ट्रॉम्बोनवाल्या माणसाला हे सुरुवातीला नवल वाटतं.

नवा माउथपीस आला की पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटं, त्यातली दहा आप्पांसारखे लांब सूर. पहिल्याच दिवशी गीतं वाजवायला घेऊ नका. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून माउथपीसच्या आतून ब्रश फिरवा. शँकचं टोक जपा. तो फरशीवर पडला की टोक किंचित चपटं होतं, डोळ्याला दिसत नाही, पण बसणं बिघडतं.

आणि माउथपीस लावताना वरून तळहाताने थाप मारायची सवय काहींना असते, आवाज छान येतो म्हणून. ती कधीच लावून घेऊ नका. जुन्या रिसीव्हरमध्ये तो अडकून बसतो. नुसता ठेवा, किंचित फिरवा, बस. वाजवून झालं की लगेच काढून पेटीत. तरीही अडकलाच तर पक्कड लावून पिळू नका, रिसीव्हरचा टाका सुटतो. माझ्याकडे स्क्रूचा पुलर आहे, दोन मिनिटांचं काम. रविवारी दुपारनंतर मी घरी असतो, उपासना आटोपून वाद्य घेऊन या. सासूबाईंनाही आणा.